शमिकाचे पप्पा

लहान मुलांच्या वॉर्डात मोठ्या माणसांना स्वतःचं नाव राहत नाही. केसपेपरवर ते असतं, पण हाक मारायची ती 'आर्यनची मम्मी', 'सात नंबरची आजी' अशीच. नोकरीची बरीचशी वर्षं मी अशा वॉर्डांत काढली, शेवटची काही इन्चार्ज सिस्टर म्हणून, आणि कितीतरी आयांना त्यांच्या मुलांच्या नावानं हाका मारल्या. बापांना हाक मारायची वेळ फारशी येत नसे. बाप डबा घेऊन यायचे, दारातून मुलाकडे बघायचे, औषधाची चिठ्ठी घ्यायचे आणि जायचे. एवढ्या आयांमध्ये हा एकच बाप होता म्हणून तो लक्षात राहिला, असं मी लोकांना सांगत आले. ते पूर्ण खरं नाही.

त्याचं नाव प्रभाकर. मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर त्याला सगळे बाबल म्हणत. वय तेहतीस-चौतीस, उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं काळवंडलेला, केसांची टोकं तांबूस झालेली. छाती एवढी रुंद की आमच्या अरुंद जिन्यावर समोरून कोणी आलं तर त्याला अंग तिरकं करावं लागे. आवाज मात्र हळू. मोठ्यानं बोललेला मी त्याला कधी ऐकला नाही.

गणपती जाऊन आठवडा झाला असेल. एका सकाळी तो मुलीला पाठुंगळी घेऊन जिना चढून आला. खाली स्ट्रेचर होतं, ते नको म्हणाला. मुलगी सहा वर्षांची, शमिका. चतुर्थीत तिचं पोट बिघडलं होतं, ते दोन दिवसांत बरंही झालं. मग एका सकाळी अंथरुणातून उठताना तिचे पाय वाकले. आईला वाटलं, शाळा बुडवायचं नाटक. दुसऱ्या दिवशी ती उभीच राहीना. तिसऱ्या दिवशी तो तिला घेऊन आमच्याकडे, जिल्ह्याच्या हॉस्पिटलात आला.

या आजाराचं नाव लांबलचक आणि परदेशी आहे. पायांतली शक्ती जाते, मग ते वर चढत जातं, कंबर, हात, छाती. छातीपर्यंत आलं की श्वास घ्यायला मशीन लागतं. बहुतेक मुलं यातून बरी होतात, पण फार सावकाश. डॉक्टरांनी त्याला हे नीट समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शुद्ध मराठीत एकच प्रश्न विचारला, "तिला दुखेल का?" डॉक्टरांशी तो नेहमी असंच पुस्तकी बोलायचा. आमच्याशी मालवणीत.

मी त्याला वॉर्डाचा नियम सांगितला. मुलाजवळ रात्री फक्त बाईमाणसाला राहता येतं. आई कुठे आहे?

"घराकडे आसा. चार म्हयन्याचा धाकटा चेडू आसा तिच्याकडे."

"मग आजी, आत्या, मावशी?"

"माझी आवस गेली. बाकी कोणय येतीत, पण शमिका तेंच्याकडे रवाची नाय."

"नियम आहे, मी काय करू."

"हां," तो म्हणाला. वाद घातला नाही. "मगे मी भायर बसतंय. दार तेवढा उघडा ठेवा. तिका मी दिसाक व्हयो."

व्हरांड्यातला बाक त्यानं दोन-चार वेळा सरकवून बघितला. आत जाऊन तिच्या उशीला डोकं लावून पाहिलं, पुन्हा बाहेर येऊन बाक वीतभर हलवला, आणि मग बसला. दोन दिवस तो तिथंच होता. तिसऱ्या दिवशी आयाच माझ्या टेबलाकडे आल्या. पुढे होती पिंगुळीची एक बाई, तिच्या मुलाला कावीळ झाली होती. ती म्हणाली, "सिस्टर, तेका आत घेवा. आमका तेचो काय त्रास नाय. भायर बसान तो नजर वर करणा नाय, आणि आमचा पोर रडला की तोच पयलो उठता."

मी त्याला आत घेतलं आणि वहीत काही लिहिलं नाही. कोणी बाळाला पाजायला घेतलं की हा न सांगता उठायचा आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा. बाळ पुन्हा पाळण्यात गेलं हे त्याला कसं कळायचं कोण जाणे, पण बरोबर तेव्हाच वळायचा.

त्याचं काम म्हणजे पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेणं. पाठीला सिलिंडर, तोंडात नळी, आणि बाबल शेजारी. मी कुडाळकडची, समुद्रापासून तासाभराच्या अंतरावर जन्म काढलेली, पण गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कधी गेले नाही. त्याला विचारलं, ज्यांना पोहता येत नाही ते कसे उतरतात?

"अर्दे जण बोटीतच रडतत," तो म्हणाला. "मी तेंका सांगतंय, पोहूचा नायच आसा. फक्त तोंडान श्वास घेवचो. आत, भायर. बाकीचा माझा काम."

"आणि खाली घाबरले तर?"

"घाबारतत. मगे मी तेंच्या तोंडासमोर जातंय आणि स्वता हळू हळू श्वास घेतंय. तां बघून तेंचो श्वास जाग्यार येता."

पाचव्या दिवशी शमिकाचा आवाज बारीक झाला. ऑक्सिजनचा मास्क लावायला घेतला तर ती मान फिरवू लागली. मी जरा दटावलं. बाबल पुढे झाला आणि त्यानं माझ्या हातातून मास्क घेऊन आधी स्वतःच्या तोंडाला लावला, दोन श्वास घेतले.

"आता तू माझ्यावांगडा खाली जातलंस," तो तिला म्हणाला. "नेवन् दाखय म्हणा होतंस ना? पण खाली बोलूक जमणा नाय. मगे काय करूचा?"

"खुणा," ती मास्कच्या आतून म्हणाली.

त्या खुणा तिला पाठ होत्या. किनाऱ्यावर तो लोकांना शिकवायचा तेव्हा ही वाळूत बसून ऐकायची. अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून गोल केला म्हणजे सगळं ठीक. पंजा आडवा धरून हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय. आणि अंगठा वर म्हणजे पुरे, मला वर घेऊन चला. त्यावरून एकदा गंमत झाली. आमचे एक तरुण डॉक्टर, लातूरकडचे, राऊंडला आले आणि तिला शाबासकी म्हणून अंगठा दाखवला. शमिका बावरून बापाकडे बघायला लागली. बाबल अगदी अदबीनं म्हणाला, "साहेब, तेवढं करू नका. आमच्यात त्याचा अर्थ वर चला असा होतो. तिला वाटलं तुम्हालाच काहीतरी होतंय." ते डॉक्टर पुढे तिच्या खाटेशी येताना हात खिशात घालून येत.

आठवड्यानं तिला आतल्या खोलीत हलवावं लागलं, वॉर्डाला लागूनच चार खाटांचा अतिदक्षता कक्ष आहे तिथं. मशीन लावलं. पुढे गळ्याला छेद देऊन नळी बसवली. तोवर हातही गेले होते. ऐकू येत होतं, दिसत होतं, समजत होतं, आणि डोळ्यांपलीकडे काही हलत नव्हतं. सहा वर्षांच्या मुलीचं असं निजून राहणं किती अवघड असतं हे मी शब्दांत सांगू शकत नाही. बाबलनं खुणा डोळ्यांवर आणल्या. डोळे एकदा मिटले की ठीक. दोनदा मिटले की काहीतरी होतंय, आणि मग तो एकेक विचारत जायचा, खाज सुटली? पाय वाकडो झालो? तहान लागली? वर छताकडे बघितलं म्हणजे पुरे.

गळ्यातल्या नळीतून कफ ओढून काढावा लागतो, दिवसातून कितीतरी वेळा. मुलांना ते अजिबात आवडत नाही, काही क्षण गुदमरल्यासारखं होतं. पहिल्या दिवशी मी ते करत असताना शमिकानं वर बघितलं. मी काम चालू ठेवलं, कारण ते संपवावंच लागतं. बाबलनं माझ्या मनगटावर हात ठेवला. रुग्णाच्या नातेवाइकानं असा हात धरलेला आम्हाला चालत नाही.

"सिस्टर, तिना वर बघितला. थांबाक व्हया."

"अहो, कफ राहिला तर श्वास अडकेल. पुन्हा करावंच लागणार."

"मगे परत करा. पण आधी थांबा. नायतर ती परत सांगाची नाय."

मी नळी बाहेर काढली. चार-पाच श्वास जाऊ दिले. बाबलनं तिला विचारलं, "आता?" तिनं डोळे एकदा मिटले. मी पुन्हा सुरू केलं आणि खरोखरच ते सोपं गेलं. त्यानंतर माझ्या सगळ्या सिस्टरांना मी हे शिकवलं. तिनं वर बघितलं की थांबायचं. आम्ही थांबायचो.

त्याच्या सवयींबद्दल सांगायचं तर, तो मॉनिटरकडे कधी बघायचा नाही. आत येणारा प्रत्येक नातेवाईक आधी त्या हिरव्या आकड्यांकडे बघतो, मग मुलाकडे. हा मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसायचा. मी विचारलं तर म्हणाला, "आकडो बघूक गेलंय की चेडू बघूचा रवता." स्टूल दिलं तरी उभा राहायचा, नाहीतर भिंतीशी उकिडवा बसायचा. अंगावर रोज तेच, अर्धी पँट आणि धुऊन वाळवलेला शर्ट. तिच्याजवळ जाण्याआधी हात कोपरापर्यंत धुवायचा, आमच्या शिकाऊ मुलींपेक्षा नीट. आणि कोणी तिच्या खाटेशी रडायला लागलं की तो त्या माणसाला काही न बोलता खांद्याला धरून दाराबाहेर नेऊन सोडायचा. यातून त्याचा सख्खा मेहुणाही सुटला नाही.

दुपारी चार वाजता तो तिला समुद्रात न्यायचा. म्हणजे सांगायचा. आज पाणी गढूळ आसा, आज साफ आसा. आता खडकाच्या फटीत शेवंड बसली आसा, फक्त मिशी भायर. आता एक वाम इली, सापासारकी लांब, तिच्या वाटेक जावचा नाय. मधलं दार उघडं असायचं आणि बाहेर वॉर्डातल्या आया आपापल्या पोरांना मांडीवर घेऊन ऐकत बसायच्या. ज्या कधी मालवणला गेल्या नव्हत्या त्यांनाही शेवंड, म्हणजे तो मोठा मिशाळ झिंगा, कशी बसते हे ठाऊक झालं.

महिना उलटल्यावर तिच्या केसांचा प्रश्न आला. कमरेपर्यंत केस, सतत निजून पाठीमागे त्यांचा नुसता गोळा झाला होता. मी म्हटलं, कापूया, पुन्हा येतील. तो म्हणाला, आईनं वाढवलेले आहेत, विचारल्याशिवाय कापायचे नाहीत. आणि स्वतःच कंगवा आणि खोबरेल तेल घेऊन बसला. टोकाकडून सुरुवात केली. एकेक गाठ बोटांनी सैल करायची, मग कंगवा. मुलाला पुन्हा दाखवायला आलेली पिंगुळीची ती बाई दारातून म्हणाली, "अरे जरा ओढ, नायतर आठवडो लागात."

"ओढल्यार गाठ घट्ट जाता," बाबल म्हणाला. "जाळी सोडयतत तसाच आसा ह्या."

दोन दुपारी लागल्या. मग त्यानं दोन वेण्या घातल्या, दोर वळतात तशा पिळाच्या, घट्ट आणि सारख्या. आमच्या मावशी आणि सिस्टर एकेक करून बघून गेल्या.

शमिकाची आई, सुवर्णा, रविवारी यायची. धाकटीला आत आणता येत नसे, म्हणून बाबल बाहेर व्हरांड्यात तान्हीला घेऊन फिरायचा आणि ती आत बसायची. पहिल्या काही रविवारी ती खाटेपासून दोन हात लांब उभी राहायची. मला वाटलं, नळ्यांना भिते. एकदा हात धुताना ती माझ्याजवळ हळूच म्हणाली, "मी तिका मारलंय, सिस्टर. त्या सकाळी. ती उठणा नाय होती म्हणान दोन थापटे घातलंय. तिका खराच जमणा नाय होता."

मी तिला सांगितलं की मुलांच्या असं लक्षात राहत नाही. ती म्हणाली, "ह्येनीपण तसाच सांगल्यानी. तिका इचारल्यानी, म्हणतत. तिका काय याद नाय."

नंतर मी बाबलला विचारलं, खरंच विचारलंस का रे? एव्हाना मी त्याला अरे-तुरे करू लागले होते. तो भिंतीशी उकिडवा बसला होता. म्हणाला, "इचारलंय. आवशीन मारल्यान तां याद आसा? तर डोळे एकदा मिटल्यान."

म्हणजे आठवत होतं. त्यानं बायकोला उलट सांगितलं होतं आणि मला 'तिला सांगू नका' असं बजावलंही नाही. बजावायची गरज नव्हती. त्यानंतरच्या रविवारी सुवर्णा खाटेला लागून बसली, तिचे पाय मांडीवर घेऊन.

दिवाळी वॉर्डातच आली. आमच्या भागात नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतात. रानातलं लिंबाएवढं हिरवं फळ, चवीला विषासारखं कडू. फोडून त्याचा थेंब जिभेला लावायचा आणि मग पोहे खायचे. त्या सकाळी मी सातच्या ड्यूटीला आले तेव्हा बाबल कारीट हातात घेऊन उभा होता. हॉस्पिटलच्या मागच्या कुंपणावर वेल असतो, तिथून आणलेलं. मी म्हटलं, आत फळबिळ चालत नाही. मग त्याच्याकडे बघितलं आणि एक स्वच्छ प्लास्टिकचा ट्रे आणून दिला.

ट्रेमध्ये कारीट ठेवून त्यानं ते तिच्या डाव्या अंगठ्याखाली सरकवलं. तिच्या पायात दाबायची ताकद नव्हती. त्यानं आपला पंजा तिच्या पावलावर ठेवला आणि म्हणाला, "दाब." ती डोळ्यांनी जोर लावत होती, कपाळावर बारीक आठी दिसत होती. मग त्यानं अगदी थोडं दाबलं आणि कारीट फुटलं.

"फोडलंस गो बाय," तो म्हणाला. तिच्या जिभेला थेंब लावता येणार नव्हता. त्यानं तो स्वतःच्या जिभेला लावला आणि तोंड असं काही वेडंवाकडं केलं की मला हसू आलं. शमिकाच्या ओठांच्या कडा हलल्या. ते मी एकटीनं बघितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता, पण डॉक्टरही तिथंच होते. चेहऱ्याचे स्नायू परत येऊ लागले होते.

पुढच्या दिवसांत खरोखर सुधारणा झाली. खांदे हलू लागले. मशीन काढून आधी दहा मिनिटं ठेवलं, मग अर्धा तास, मग दोन तास. डॉक्टर पहिल्यांदाच घरी जाण्याबद्दल बोलले, अजून महिना-दीड महिना, पण बोलले. मी रविवारी चर्चमध्ये मिसाला गेले तेव्हा मेणबत्ती लावून आले.

तुळशीच्या लग्नानंतरची गोष्ट. सुवर्णाचा फोन आला. धाकटीला सर्दी-ताप होता, तिलाही बरं नव्हतं, एक दिवस येऊन जा म्हणत होती. बाबल नाही म्हणाला. नऊ आठवड्यांत तो एकदाही घरी गेला नव्हता. मी त्याला म्हटलं, "जा तू. धाकटीचाही बाप आहेस. उद्या दिवसभर माझी ड्यूटी आहे, मी तिच्याजवळच असेन."

"तिका इचारतंय," तो म्हणाला.

त्यानं तिला विचारलं. एक दिवस घराकडे जावन् येव? बाळाक ताप इलो आसा. शमिकानं डोळे एकदा मिटले. संध्याकाळच्या एसटीनं तो गेला. जाताना तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बारीक ताप होता. या मुलांना तो येतो, आम्ही औषध दिलं. साडेदहाला तिचा श्वास भराभर व्हायला लागला. मशीन पुन्हा लावलं. अकराला ऑक्सिजन उतरू लागला. छातीत कफ घट्ट धरला होता, नळी अडत होती, पुन्हा पुन्हा ओढून काढावं लागत होतं. सव्वा अकराला मीच बाबलला फोन केला, लगेच नीघ म्हटलं. डॉक्टर तिघं होते, मी होते, आणखी एक सिस्टर होती. कोणी काही कमी केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

पण ती वर बघत होती. मी नळी आत घातली की ती वर बघायची. मी एकदा थांबले. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, थांबू नका. बरोबरच होतं त्यांचं. त्यानंतर मी थांबले नाही. ती वर बघत राहिली, मग दाराकडे, मग पुन्हा वर. बारा वाजून गेल्यावर हृदय बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं नाही.

बाबल कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आला. पंधरा-वीस मिनिटं उशीर झाला त्याला. जिना चढून आला तेव्हा व्हरांड्यातल्या आया उभ्या होत्या, त्यावरूनच त्याला कळलं. तो धावला नाही. बेसिनशी थांबला आणि नेहमीसारखे कोपरापर्यंत हात धुतले, मग आत गेला. आम्ही नळ्या काढल्या होत्या. गळ्यावर स्वच्छ पट्टी लावली होती. तो तिच्या पायाशी उभा राहिला. मग माझ्याकडे वळला.

"भियाली काय?"

"नाही," मी म्हटलं. "तिला कळलंच नाही. तापाच्या ग्लानीत होती. झोपेतच गेली."

"डोळे?"

"मिटलेले होते."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुमी बरा सांगतास, सिस्टर," तो म्हणाला.

धावपळीत तिची एक वेणी सुटली होती. मी कंगवा आणून त्याच्या हातात दिला. त्यानं तो घेतला, थोडा वेळ धरला आणि परत माझ्याकडे दिला. "आता रव्हांदे. आता तिची आवस विंचरतली." मग त्यानं तिला उचललं. या वेळीही स्ट्रेचर नको म्हणाला. मी तो हट्ट मोडला नाही. जिन्यात समोरून येणारे लोक भिंतीला चिकटून उभे राहिले.

त्यानंतर तो पुन्हा कधी वॉर्डात आला नाही. माझी मावसबहीण मालवणला असते, तिच्याकडून अधूनमधून कळायचं. नवीन वर्ष लागल्यावर तो बोटीवर परत गेला. काम पूर्वीसारखंच करतो, लोक त्याचंच नाव घेऊन येतात. फक्त लहान मुलं तो खाली नेत नाही. आईबाप कितीही मागे लागले तरी हसून दुसऱ्याकडे पाठवतो. कोणी कारण विचारलं तर म्हणतो, माझो कान दुखता.

त्याला खरं सांगावं असं मला पुष्कळदा वाटलं. ती घाबरली होती, तिनं वर बघितलं होतं, मी एकदा थांबले आणि मग थांबले नाही. त्याला हे सगळं ठाऊक होतंच, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. एका मे महिन्यात बहिणीकडे गेले असताना मी दांडीपर्यंत चालत गेले सुद्धा. बोट नुकतीच लागत होती, पाण्यातून ओले लोक उतरत होते, हसत होते. त्यांत तो दिसला. तिथूनच मी परत फिरले.

मी निवृत्त झाले त्या वर्षीच्या थंडीत त्याला शेवटचं बघितलं. कणकवलीच्या एसटी स्टँडवर मी कुडाळची गाडी बघत होते. पलीकडच्या फलाटावर बाबल होता, कानशिलावर थोडे केस पांढरे झालेले, खांद्याला पिशवी. सोबत धाकटी. तान्ही असताना व्हरांड्यात बघितलेली, आता सहा-सात वर्षांची, हातात सोललेलं केळं घेऊन काहीतरी बडबडत होती. बडबडता बडबडता तिला ठसका लागला. दोनदा खोकली. एवढंच.

बाबलनं पिशवी खाली ठेवली. त्या गर्दीत, लोकांच्या पायांमध्ये, तो गुडघ्यांवर बसला आणि तिच्या पाठीला कान लावला. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग खाली बरगड्यांपाशी. त्याचे डोळे मिटलेले होते. त्यांची मालवणची गाडी लागली होती, माणसं चढत होती. कोणाची तरी ट्रंक त्याच्या खांद्याला घासून गेली.

मुलीला त्याची सवय असावी. ती केळं खायचं थांबली, सरळ उभी राहिली, आणि त्यानं काही न सांगता तिनं मोठा श्वास आत घेतला, सोडला, पुन्हा घेतला. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली, फलाटावरून वळली आणि गेली. बाबल उठला नाही.